मुस्तफाला संग्रहात जागा हवी

जुन्या आर्केड खेळांचे संग्रह काढण्यात कॅपकॉम या जपानी कंपनीचा हात चांगला बसला आहे. सप्टेंबर २०१८ मधला ‘बीट ’एम अप बंडल’ घ्या. ‘फायनल फाइट’, ‘कॅप्टन कमांडो’, ‘नाइट्स ऑफ द राउंड’ असे मारधाडीचे सात खेळ त्यात आहेत. ‘आर्मर्ड वॉरियर्स’ आणि ‘बॅटल सर्किट’ हे दोन तर त्याआधी कुठल्याच घरगुती कन्सोलवर आले नव्हते. जोडीला जपानी व इंग्रजी आवृत्त्या, मूळ रेखाटनं, परगावच्या मित्राबरोबर खेळायची सोय. लाइफ संपली की खिशात नाणं चाचपावं लागत नाही.

तरीही मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये वाढलेला माणूस त्या यादीत आधी एकच नाव शोधतो. मुस्तफा.

खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, साल १९९३. निवडायला चार पात्रं होती. पण पिवळ्या टोपीतल्या चपळ मुस्तफा कैरोवर आपल्याकडच्या पोरांचा असा जीव जडला की खेळच ‘मुस्तफा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. तो २०१८च्या संचात नाही, २०२१च्या ‘कॅपकॉम आर्केड स्टेडियम’मध्येही नाही.

अडचण हक्कांची आहे. कथा व पात्रं मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकमधली, तर कॅडिलॅक हे नाव जनरल मोटर्सचं. शीर्षक बदलूनही भागणार नाही, कारण एका टप्प्यात खेळाडू ती गाडी स्वतः चालवतो आणि गुंडांना उडवत सुटतो. ती मजा काढून टाकली तर उरेल तो वेगळाच खेळ.

दिवसही हातातून निसटताहेत. मूळ सर्किट बोर्डावर एक बॅटरी असते. ती संपली की खेळाला लागणारी सांकेतिक किल्ली पुसली जाते आणि दुरुस्तीवाचून तो बोर्ड धड चालत नाही. जुनं मशीन जपून ठेवणं एवढ्याने काम होत नाही ते यामुळे. अधिकृत प्रत नसली की चाहते चोरीच्या प्रतींकडे वळतात. त्यात शुल्ट्झ यांना काही मिळत नाही, खेळ बनवणाऱ्यांनाही नाही.

वाट निघू शकते. कॅपकॉमचाच १९९३चा ‘द पनिशर’ मार्व्हलच्या हक्कांमुळे वर्षानुवर्षं असाच बाहेर राहिला होता. २०२४ मध्ये तो ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन’मधून कन्सोलवर आला. मुस्तफासाठी मार्व्हलसारखा एकच जुना भागीदार नाही, दोन दारं ठोठवावी लागतील. कॅपकॉमने ती ठोठवावीत, आणि पुढच्या संचाची यादी ठरवताना अमेरिका-जपानइतकाच भारतातला खेळाडूही मोजावा.