कुंपणाबाहेरची सृष्टि

नागपूरच्या सुशिक्षित कुटुंबांत सुटीच्या दोन यात्रा ठरलेल्या असतात; एक कोराडीच्या जगदंबेची व दुसरी पेंचच्या जंगलाची. एकींत देवीचें दर्शन घ्यावयाचें, दुसरींत वाघाचें. आणि दोन्हींहून परततांना आपलें कर्तव्य पुरें झालें असें समाधान मानावयाचें. देवीविषयींच्या समाधानाबद्दल आमचें कांहीं म्हणणें नाहीं. वाघाविषयींचें समाधान मात्र फसवें आहे, आणि त्याला साक्ष कोराडीचीच आहे.

सरकारचें श्रेय आम्हीं नाकारीत नाहीं. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, १९७५ सालीं पेंचला राष्ट्रीय उद्यानाचा मान मिळाला आणि १९९९ सालीं तेथें व्याघ्रप्रकल्प झाला. या कायद्याचें कवच नसतें, तर त्या रानाची काय गत झाली असती तें सांगावयास नको. परंतु अशीं राष्ट्रीय उद्यानें व अभयारण्यें मिळून देशाची सुमारें पांच टक्केच भूमि व्यापतात. तेवढी राखली म्हणजे उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांच्या जबाबदारींतून आपण मुक्त झालों, ही जी समजूत आपल्या मनांत मुरली आहे, तिच्याशींच आमचें भांडण आहे.

वस्तुस्थिति काय आहे? तोतलाडोहाचा जलाशय राष्ट्रीय उद्यानाच्या पोटांत आहे. त्याच पेंचचें पाणी खालीं नवेगांव-खैरीहून नागपूरच्या नळांना आणि कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला मिळतें. म्हणजे एकाच प्रवाहाचें वरचें टोंक आपण पवित्र मानतों आणि खालचें टोंक कारखान्याची मोरी समजतों! जुलै २०२२ मध्यें खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा लोंढा नाल्यांत व शेतांत शिरला. पिकाच्या नुकसानीबद्दल शेतकरी दाद मागूं शकतो. नाल्यांतल्या माशांनीं, शिंपल्यांनीं व कांठच्या पाखरांनीं कोणाकडे जावें? त्यांच्या वतीनें बोलावयाचें तर तेथें काय काय होतें, याची आधीं नोंद हवी.

अशी नोंद व्हावी म्हणूनच २००२ सालीं जैवविविधतेचा कायदा झाला. प्रत्येक ग्रामपंचायतीनें व नगरसंस्थेनें आपली समिति नेमावी आणि गांवची झाडें, वनस्पति, जीवजंतु व त्यांविषयींचें लोकांचें ज्ञान एका नोंदवहींत उतरावें, असें त्यांत आहे. केवढी उदात्त कल्पना! पण सतरा वर्षें लोटलीं तरी काम अपुरें राहिलें, आणि २०१९ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला मुदत घालून, ती चुकल्यास राज्यांकडून दरमहा दहा लाख रुपये वसूल करण्याची तंबी द्यावी लागली. दंडाच्या भयानें भरलेली वही ही जिवंत नोंद नव्हे. तो दप्तराचा एक कागद होय. त्यावर २०२३ च्या दुरुस्तीनें या कायद्यांतली कैदेची शिक्षाही काढून टाकिली व केवळ दंड ठेविला. आधींच मऊ असलेल्या हाताला हें आणखी एक लोणी!

‘मग वीज नको काय?’ असा प्रश्न येईल. वीज हवीच, हा लेखही तिच्याच उजेडांत लिहिला आहे. नागपूरचें शुद्ध केलेलें सांडपाणी या केंद्राला देण्याची योजना झाली, हें तर स्तुत्यच आहे. पण मे २०२३ मध्यें ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठीं जनसुनावणी झाली. अशा प्रत्येक सुनावणींत कोळशाच्या व पाण्याच्या हिशेबाशेजारीं आसपासच्या गांवांची ही नोंदवही उघडी ठेवली जावी आणि तिच्यांत लिहिलेल्या जीवांचें पुढें काय होणार, याचें उत्तर दिल्यावांचून कोणासही अनुमति मिळूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.

हें मागणें अवास्तव वाटत असेल तर गोंदियाकडे पाहावें. महाराष्ट्रांतला सारस आज मुख्यतः तेथील धानाच्या बांध्यांत व तळ्यांच्या कांठीं तग धरून आहे. अभयारण्याच्या कुंपणांत नव्हे. तळें बुजलें कीं सारस गेला. त्याला वांचविण्यास वाघाचें राज्य उपयोगी पडणार नाहीं.

कोराडीहून परततांना वाचकांनीं एकदां मागें वळून तेथील तलावाकडे पाहावें. तेथें वाघ नाहीं, म्हणून तेथें राखण्यासारखें कांहीं नाहीं, असें ज्याला वाटेल, त्यानें पेंचच्या यात्रेचें पुण्य आपल्या पदरीं जमा धरूं नये.