फितूर प्रेक्षकांनो

‘विचार करायला लावणारा सिनेमा.’ हे चार शब्द वाचले की माझं टाळकं सरकतं.

आमच्या जगण्यावर सिनेमा निघाला की हे चार शब्द ठरलेले. त्यांच्या जोडीला ‘सुन्न करणारा’, ‘अंतर्मुख करणारा’, ‘थेटरातून बाहेर पडलं तरी पाठ न सोडणारा’. परीक्षण लिहिणारा सुन्न होतो. ते वाचून बघायला जाणारे सुन्न होतात. सुन्न झालेली मंडळी हाटेलात बसून पावभाजी खातात आणि आपल्या सुन्नपणावर तासभर बोलतात. सकाळपर्यंत सुन्नपणा ओसरलेला असतो. गटार तुंबलेलं असतं, आणि ते उपसायला आमचाच माणूस बोलावलेला असतो.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात कामाला आहे. शाळा दहावीपर्यंत. पुढचं जे काय शिकलो ते वाचनालयात, आणि रात्रपाळी सुटल्यावर मोबाईलच्या पडद्यावर. सिनेमाचं शास्त्र मला येत नाही. कॅमेरा कुठल्या कोनातून लावला ते मला विचारू नका. पण पडद्यावर कोण बोलतंय आणि कुणाचं तोंड बंद आहे, हे कळायला शास्त्र लागत नाही.

तोंडावरनं एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात पगार बरा मिळायचा. पण तिथं अस्पृश्याला मज्जाव होता. कारण काय? तर धोट्यातलं सूत संपलं की नव्या बॉबिनीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा स्पृश्य विणकर तोंडाला कसा लावणार? १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं मांडला होता. कामगार सगळे एक, बावटा एक, पण तोंड मात्र वेगळं.

हिंदुस्थानी सिनेमानं आमच्या तोंडाचं हेच केलं.

१९३६ साली ‘अछूत कन्या’ आला. अस्पृश्याची पोर कस्तुरी, काम देविका राणीचं. शेवटी ती आगगाडीपुढं उभी राहून मरते. १९५९ साली बिमल रॉय यांचा ‘सुजाता’. तिथली आमची पोर मरत नाही, पण मालकिणीला आपलं रक्त देते, तेव्हा कुठं ती त्या घराची लेक होते. म्हणजे बघा, माणसात यायचं तर आमच्या पोरीनं जीव तरी द्यावा, नाहीतर बाटलीभर रक्त तरी. प्रेक्षकांनी दोन्ही वेळा रुमाल काढले. दोन्ही वेळा ‘विचार’ केला.

मग समांतर सिनेमा आला. १९७४ चा ‘अंकुर’, श्याम बेनेगल यांचा. त्यातला किष्टय्या मुका आणि बहिरा. १९८० चा ‘आक्रोश’, गोविंद निहलानी यांचा, लेखन विजय तेंडुलकरांचं. त्यातला लहान्या भिकू आदिवासी. बायकोच्या खुनाचा आळ त्याच्यावर, आणि खटला चालू असताना स्वतःच्या वकिलापुढंसुद्धा तो तोंड उघडत नाही. १९८१ ची ‘सद्गती’, प्रेमचंदांच्या कथेवर सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेली. त्यातला दुखी चांभार उपाशीपोटी बामणाच्या दारात ओंडका फोडता फोडता मरतो, आणि बामण त्याच्या पायाला फास टाकून मढं ओढत नेतो, ढोर ओढावं तसं.

हे सिनेमे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. लहान्या आणि दुखी, दोघंही ओम पुरीनं केले. त्याचे डोळे बघून माझीही झोप उडाली. बेनेगल, निहलानी, राय यांनी जे दाखवलं ते दाखवायला त्या काळात छाती लागत होती. पण तिन्ही ओळीनं ठेवा आणि मोजा. एक मुका, एक गप्प, एक मढं. बोलायला कोण? वकील भास्कर कुलकर्णी. त्याला राग येतो, त्याची झोप उडते, त्याच्या मनात उलथापालथ होते. प्रेक्षकानं त्याच्या जागी बसायचं. आमच्या जागी बसायची सोयच ठेवलेली नाही.

‘अंकुर’चा शेवट आठवा. काम मागायला आलेल्या मुक्या किष्टय्याला जमीनदाराचा पोरगा भ्यालेल्या कुत्र्यासारखा चवताळून चाबकानं फोडतो. लक्ष्मी त्याला शिव्याशाप देते. मग एक लहान पोरगा येतो, जमीनदाराच्या घराच्या खिडकीवर दगड भिरकावतो आणि पळून जातो. पडदा लाल होतो. त्या दगडाबद्दल आजवर किती कागद काळे झाले! क्रांतीचा अंकुर, बंडाचं बीज, काय नि काय. पण दगड लागला कुणाला? तेलंगणातल्या एका जमीनदाराच्या काचेला. फिल्म सोसायटीत खुर्चीवर बसलेल्याला ओरखडाही नाही. उलट त्याला बरं वाटलं. चला, कुणीतरी मारला.

चाळीस वर्षांनी दुसरा दगड आला. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. १४ फेब्रुवारी २०१४ ला थेटरात लागला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. कचरू मान्याचा पोरगा जब्या. शाळेत जातो, शालूवर जीव लावून बसलाय. आणि गावानं बापाला हुकूम सोडलाय, डुकरं धरा. सगळं घर डुकरामागं धावतं. गाव उभं राहून बघतं. फिदीफिदी हसतं. शालूही हसते. मध्येच शाळेतनं राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्या आहे तिथं ताठ उभा राहतो. बापही उभा राहतो. हाताशी आलेलं डुक्कर निसटून जातं. पुढं मेलेलं डुक्कर काठीला लटकवून बाप-लेक नेतात ती वाट शाळेच्या भिंतीजवळनं जाते, आणि भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र आहे, सावित्रीमाईंचं आहे. शेवटी जब्याच्या हातात दगड येतो. तो टिंगल करणाऱ्यावर भिरकावतो आणि तो दगड सरळ पडद्यातनं तुमच्या कपाळावर येतो.

फरक कळला का? ‘अंकुर’चा दगड जमीनदाराला होता. ‘फँड्री’चा दगड बघणाऱ्याला आहे. मंजुळे स्वतः या जिण्यातनं वर आलेला माणूस. त्याला माहीत आहे की डुकरामागं धावणाऱ्याला डुक्कर जेवढं छळत नाही तेवढं भोवती उभं राहून बघणारं गाव छळतं. आणि थेटरात तिकीट काढून बसलेले तुम्ही, म्हणजे दुसरं काय? गावच.

पण तुम्ही लई हुशार. दगड चुकवला नाही, झेलला. खिशात घातला. म्हणालात, वा, काय प्रतीक आहे! वर्तमानपत्रांत लेख आले, चर्चा झाल्या, ‘फँड्री’ला राष्ट्रीय पारितोषिकं मिळाली, जब्याचं काम करणाऱ्या सोमनाथ अवघडेलाही मिळालं. मिळालीच पाहिजेत. सगळा महाराष्ट्र विचार करत होता.

महाराष्ट्र विचार करत असतानाच २८ एप्रिल उजाडला. ‘फँड्री’ लागून अडीच महिने झाले नव्हते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात, खर्डा गावी नितीन आगे हा सतरा वर्षांचा आपला पोरगा मारला गेला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढंच कारण. शाळेच्या आवारातनं मारत नेला आणि झाडाला लटकवला, असा खटला उभा राहिला. जब्याएवढाच, दोन-तीन वर्षांनी थोरला. हा सिनेमा नव्हता. इथं दगड भिरकवायला पोरगा उरलाच नाही.

पुढं काय झालं ते विचार करणाऱ्यांनी नीट ऐकावं. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयानं खटल्यातले नऊ आरोपी निर्दोष सोडले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. दिवसाढवळ्या, भरल्या गावात, आणि कुणी काही बघितलंच नाही. आई-बाप तेवढे बोलत राहिले.

मी इथं थांबून तुम्हाला विचारतो. फितूर साक्षीदार म्हणजे कोण? ज्यानं बघितलं, ज्याला सगळं ठाऊक आहे, रात्री ज्याची झोपही कदाचित उडत असेल, आणि जो बोलायची वेळ आली की तोंड शिवून बसतो, तो. त्याच्या मनात विचार येत नसतील का? येत असतील. पायलीचे पन्नास येत असतील. सिनेमा बघून महिना महिना विचार करणारा आणि कुठंच तोंड न उघडणारा प्रेक्षक त्याच जातीचा. दोघांनीही बघितलेलं असतं. दोघंही सुन्न असतात. आरोपी दोघांनाही सारखेच दुवा देतात.

‘सैराट’चं बघा. २९ एप्रिल २०१६ ला लागला. शंभर कोटींच्या आसपासचा धंदा, मराठीत पहिल्यांदाच. ‘झिंगाट’वर थेटरात माणसं खुर्च्यांवर चढून नाचली. आणि मग तो शेवट. रक्तात पाय भरलेलं लेकरू चालत येतं आणि पडद्यावर आवाज नाही. सगळं थेटर चिडीचूप. पण घरी जाताना लोकांनी नेलं काय? झिंगाट. वरातीत झिंगाट, गणपतीत झिंगाट. आणि वरात कुणाची? जात बघून, पत्रिका बघून जमवलेल्या लग्नाची. मी एकदा भाड्यानं खोली बघायला गेलो. मालकाचा फोन वाजला तर झिंगाटची धून. मला हायसं वाटलं. बोलणं झालं, डिपॉझिट ठरलं. मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, “अरेरे, खोली कालच गेली की.” सिनेमा त्यांना आवडला होता हो. मनापासून आवडला होता.

आता काही शहाणे म्हणतील, कलावंताचं काम प्रश्न विचारायचं, उत्तर द्यायचं नाही. कबूल. मी कलावंताकडं उत्तर मागतच नाही. मी मागतो ते प्रेक्षकाकडं. कलावंतानं प्रश्न विचारला आणि तुम्ही म्हणालात, “वा, काय सुंदर प्रश्न विचारला!” हे उत्तर झालं का? तलाठ्यानं विचारलं सात-बारा कुणाच्या नावावर, तर तुम्ही त्याच्या अक्षराची तारीफ करता का?

दुसरे म्हणतील, विचारानंच तर माणूस बदलतो, वेळ लागतो. किती वेळ? ‘अछूत कन्या’पासून धरा. नव्वदीला पोचलात की!

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ सालचा. लोकशाहीर नारायण कांबळेवर खटला. का? तर त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला म्हणे. तारखांवर तारखा. आणि शेवटी न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात, बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून जागं करतात, तर एकाला थोबाडीत देतात. संपला सिनेमा. इथं आमचा माणूस मुका नाही. तो गातो, बोलतो, म्हणून तर तुरुंगात जातो. ते काम वीरा साथीदार यांनी केलं. नागपूरचा चळवळीतला माणूस, ‘विद्रोही’ मासिकाचा संपादक. एप्रिल २०२१ मध्ये करोनानं गेले. पडद्यावर ते जे होते, तेच पडद्याबाहेर होते. ‘कोर्ट’ला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. हातानं मैला उपसायला लावायची बंदी करणारा कायदा १९९३ ला झाला, पुन्हा २०१३ ला झाला. माणसं मॅनहोलमध्ये गुदमरून मरायची थांबली नाहीत. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या सोसायटीची टाकी उपसायला माणूस उतरू दिला नाही, हे मला सांगा.

साक्ष कशी देतात ते बघायचं असेल तर ‘जय भीम कॉम्रेड’ बघा. ११ जुलै १९९७. घाटकोपरचं रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांनी तिथून पुढं चौदा वर्षं चित्रण चालू ठेवलं. आणि सिनेमा झाल्यावर तो चाळींत, वस्त्यांत नेऊन दाखवला, ज्यांचा होता त्यांना. पटवर्धन आमच्या जातीचे नाहीत. म्हणजे बोलायला जात आडवी येत नाही. आडवी येते ती फितुरी.

आपल्या माणसांनाही एक सांगणं आहे. पडद्यावर आपण दिसलो एवढ्यावर हुरळून जाऊ नका. आपल्या भिंतीवरचं चित्र त्यांच्या कॅमेऱ्यात आलं म्हणजे जिंकलो नाही. वस्तीत पडदा लावा, हे सगळे सिनेमे दाखवा. पण दिवे लागल्यावर “कसा वाटला?” विचारू नका. विचारा, पुढच्या तारखेला कोर्टात त्या म्हाताऱ्या आई-बापाबरोबर कोण जाणार? खाडा कोण करणार? एसटीचे पैसे कोण घालणार? हात किती वर होतात ते मोजा. तेच त्या सिनेमाचं परीक्षण.

आणि तुम्ही, विचार करणाऱ्यांनो. झाला असेल विचार करून तर या साक्षीला. फार लांब यायला नको. सोसायटीच्या मिटिंगमध्ये भाडेकरूचं आडनाव विचारलं जाईल, तिथं बोला. पोरीचं स्थळ बघताना मामा जात काढील, तिथं बोला. शाळेत आमच्या पोराला मागं बसवतील, टाकीत माणूस उतरवतील, गावात कुणाला मारत नेतील, तिथं बोला. पंचनाम्यात बोला. आणि कोर्टात शपथ घेतल्यावर शब्द फिरवू नका.

आमचं तोंड नको म्हणून तुम्ही आम्हाला मागावर बसू दिलं नाही. आता तुमचं तोंड बघायचंय. उघडतंय का?

जयभीम.