रहस्यकादंबरीचा निवाडा आणि इतिहासाची साक्ष

रहस्यकादंबरी हा केवळ रंजनाचा प्रकार आहे, हे गृहीत मराठी समीक्षेत अजून पुरते पुसले गेलेले नाही. जोसेफिन टे या स्कॉटिश लेखिकेची १९५१ साली प्रसिद्ध झालेली ‘द डॉटर ऑफ टाइम’ ही कादंबरी या गृहीताला छेद देते. तिच्यात पाठलाग नाही, नवा खून नाही. पाय मोडल्यामुळे रुग्णालयात पडून असलेला अ‍ॅलन ग्रँट हा स्कॉटलंड यार्डचा अधिकारी अंथरुणावरूनच सुमारे पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या एका गुन्ह्याचा तपास करतो.

इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड १४८३ मध्ये मरण पावला. त्याचे दोन अल्पवयीन मुलगे लंडनच्या टॉवरमध्ये ठेवण्यात आले, त्यांचा चुलता तिसरा रिचर्ड गादीवर आला आणि पुढे ती मुले कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला व सातवा हेन्री राजा झाला. पुतण्यांचा खुनी ही रिचर्डची प्रतिमा टॉमस मोरचे इतिहासलेखन आणि शेक्सपिअरचे नाटक यांनी दृढ केली. ग्रँट या प्रतिमेला पोलिसी प्रश्न विचारतो : साक्षीदार त्या वेळी कोठे होता? मोरचा जन्म १४७८चा; मुले दिसेनाशी झाली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. पुढे तो जॉन मॉर्टनच्या घरी राहिला, आणि मॉर्टन हा रिचर्डचा शत्रू व हेन्रीचा विश्वासू. प्रमाण मानला गेलेला ग्रंथ अशा रीतीने ऐकीव आणि पक्षपाती साक्षीवर उभा असल्याचे उघड होते.

मराठीच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटू नये. संभाजी महाराजांची डागाळलेली प्रतिमा रूढ करण्यात मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीचा वाटा मोठा आहे. ही बखर महाराजांच्या मृत्यूनंतर (१६८९) सुमारे सव्वाशे वर्षांनी सिद्ध झाली. शिवाय बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला होता. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रातून या प्रतिमेचा साधार फेरविचार केला. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणत्या हितसंबंधातून लिहिले, हे ग्रँटचे प्रश्न म्हणजे आपल्याकडील साधनचिकित्सेचेच प्रश्न होत.

मात्र एवढ्यावरून या कादंबरीचा गौरव करून थांबणे पुरेसे नाही. रहस्यकादंबरीच्या संकेतानुसार शेवटी गुन्हेगार हाती लागावा लागतो. रिचर्ड निर्दोष ठरताच ग्रँट हेन्रीकडे बोट दाखवतो. हेन्रीच्या पहिल्या संसदेने रिचर्डवर ठेवलेल्या आरोपपत्रात राजपुत्रांच्या खुनाचा उल्लेख नाही, यावर त्याचा मोठा भर आहे. राजपुत्रांची नावे तेथे नाहीत, हे खरे. परंतु बालकांचे रक्त सांडल्याचा आरोप त्यात आहे. १४८३ मध्ये लंडनमध्ये असलेल्या डॉमिनिक मॅन्सिनी या परकीयाने थोरल्या राजपुत्राचा घात झाल्याचा संशय त्याच काळी लोकांत होता, असे नोंदवले आहे. हा वृत्तान्त १९३६ सालीच प्रकाशित झाला होता. तरी ग्रँटच्या युक्तिवादात त्याला स्थान नाही. मोरची साक्ष ज्या काटेकोरपणे तपासली गेली, तो काटेकोरपणा प्रतिपक्षाला दोषी ठरवताना सैल पडतो.

पुढील संशोधनानेही हाच इशारा दिला आहे. २०१२ मध्ये लेस्टर येथे रिचर्डचा सांगाडा सापडला. त्याच्या पाठीचा कणा बाजूला वाकलेला होता. म्हणजे विरोधकांनी रंगवलेले कुबड ही अतिशयोक्ती होती; पण तिच्या मुळाशी काही तथ्य होते. शत्रूची साक्ष संशयास्पद असते. तथापि तेवढ्याने ती असत्य ठरत नाही. चिटणीस बखरीचे पूर्वग्रह दाखवून दिले म्हणजे तिची प्रत्येक नोंद आपोआप रद्द होते असे नाही. ती अन्य साधनांशी ताडावीच लागते. कलंकित पुरुषाला न्याय देण्याच्या ओघात निष्कलंक पुरुष उभा करणे हा मोह ऐतिहासिक कादंबरीला विशेषच पडतो, आणि वाचकांनाही तो प्रिय असतो.

म्हणून टे यांची कादंबरी अभ्यासक्रमात यावी, परंतु ती दोन टप्प्यांत शिकवली जावी. पूर्वार्धातून विद्यार्थ्यांनी प्रस्थापित ग्रंथाची उलटतपासणी शिकावी. उत्तरार्धाची तीच उलटतपासणी त्यांनी स्वतः करावी आणि उकल कोठे पुराव्याची आहे, कोठे केवळ वाङ्मयप्रकाराची गरज आहे, हे वेगळे काढून दाखवावे. दोन मुलांचे काय झाले, या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर आजही उपलब्ध नाही. असा प्रश्न खुला ठेवण्याची सवय संशोधनाची वाट धरणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गातच लागली पाहिजे.