घरचें कुत्रें आणि घरची वही

महाभारताच्या आदिपर्वांत सरमा नामक देवशुनीची एक लहानशी कथा आहे. जनमेजयाच्या सत्रांत तिचें पिलूं शिरलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नव्हतें कीं तें चाटलें नव्हतें. तरीहि राजाच्या बंधूंनीं त्याला मारून हांकलून दिलें. तेव्हां सरमा स्वतः सत्रांत आली, निरपराध पोराला कां मारिलें असें तिनें विचारिलें, आणि उत्तर मिळेना तेव्हां राजाला शाप दिला. आपल्या दारच्या कुत्र्याची बाजू मांडावयास अशी सरमा येत नाहीं. त्याला काय होत आहे, हें आपणच पाहून ओळखावें लागतें; आणि एकत्र कुटुंबांत नेमकें तेंच राहून जातें, असें आमचें मत आहे.

कारण उघड आहे. दहा माणसांच्या घरांत कुत्र्याला खाऊं घालणारे हात दहा असतात. आजोबा दूधभात घालतात, सूनबाई पोळी टाकतात, मुलें शाळेंतून येतांच बिस्किटें देतात. त्यानें काल ताटली अर्धी सोडली, हें ज्यानें पाहिलें त्याला वाटतें, दुसऱ्या कोणी आधींच घातलें असेल. असे दोन दिवस जातात आणि तिसऱ्या दिवशीं कुत्रें जागचें उठत नाहीं. जें सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे! म्हणून आमची पहिली सूचना औषधाची नाहीं, व्यवस्थेची आहे. कुत्र्याचें पाहणें घरांतील एकाच माणसाकडे द्यावें आणि त्यानें एक वही ठेवावी. शाळेंत आम्हीं अनेक वर्षें हजेरीपट भरला. कोण हुशार हें त्यावरून कळत नसे. पण कोण सलग तीन दिवस आला नाहीं हें कळे, आणि चौकशीला तेथूनच आरंभ होई. कुत्र्याची वही हें त्याच जातीचें काम होय.

तींत खाणें, पाणी व शौच यांची रोज एका ओळींत नोंद असावी. महिन्याकाठीं वजन लिहावें. निरोगी कुत्र्याच्या शरीराची उष्णता १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते; म्हणजे आपला जो ताप, तीच त्याची प्रकृति. नाक गरम लागलें कीं ताप आला, ही समजूत खरी नाहीं. त्याहून ओंठ उचलून हिरड्या पाहाव्या. नेहमीं गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढुरक्या, पिवळ्या किंवा निळसर दिसल्या, तर पशुवैद्याकडे जाण्यास उद्यांची वाट पाहूं नये.

आपल्याकडे कुत्र्यांना सर्वांत अधिक पीडा गोचिडीची. ती नुसतें रक्त पिऊन थांबत नाहीं. एर्लिकिया, बॅबेशिया यांसारखे रोगजंतु रक्तांत सोडते. मग ताप येतो, अन्न नकोसें होतें, हिरड्या फिक्या पडतात, कधीं नाकांतून रक्त येतें. म्हणून फिरून आल्यावर कानांत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळ्याच्या पट्ट्याखालीं रोज हात फिरवावा. गोचीड सांपडल्यास चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. बोटांनीं चिरडूं नये. रॉकेल चोळण्याची चाल कोठें कोठें आहे, ती सोडावी. कुत्रें अंग चाटतें आणि तें विष पोटांत जातें. गोचिड्यांवरील औषध वजनाच्या मानानें द्यावयाचें असतें, म्हणून तें पशुवैद्यानेंच ठरवावें.

लहान पिलांना दोन शत्रु. एक जंत, ते पुष्कळदां आईकडूनच येतात. पोट नगाऱ्यासारखें आणि बरगड्या उघड्या, असें पिलूं दिसलें तर तें धष्टपुष्ट समजूं नये. दुसरा पार्व्हो, हा रोग १९७८ सालापासून जगाला माहीत झाला. वांत्या, दुर्गंधीचे रक्तमिश्रित ढाळ आणि अंगांतील पाणी आटणें, यांनीं पिलूं थोड्याच दिवसांत दगावतें. याची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांचें वय होतांच टोंचावी, आणि पुढें तीनचार आठवड्यांच्या अंतरानें सोळा आठवड्यांपर्यंत. तोंवर पिलाला रस्त्यावर सोडूं नये. हा विषाणु मातींत महिनोन्‌महिने टिकतो.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. प्रसादाच्या शिऱ्यांतील बेदाणे, द्राक्षें, कांदा, लसूण, चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला विषासमान आहेत. द्राक्षांनीं व बेदाण्यांनीं मूत्रपिंडें निकामी होतात, कांद्यालसणीनें रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. त्याहून घातक आपल्या औषधांची पेटी. ताप दिसला म्हणून पॅरासिटामॉल किंवा दुखतें म्हणून आयबुप्रोफेन प्रेमानें दिल्यानें कुत्र्यांचे प्राण गेले आहेत. माणसाची गोळी अर्धी केली म्हणून ती कुत्र्याची होत नाहीं.

ऋतूंचेंहि भान असावें. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं. धापा टाकूनच तें अंग निववितें. वैशाखाच्या उन्हांत गच्चीवर बांधलेलें किंवा बंद मोटारींत ठेवलेलें कुत्रें अल्पावकाशांत मरूं शकतें. तें लटपटूं लागल्यास सावलींत आणून अंगावर साधें पाणी घालावें, पंख्याचा वारा द्यावा आणि तसेंच पशुवैद्याकडे न्यावें. पावसाळ्यांत उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या डबक्यांतून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो कुत्र्याकडून माणसालाहि होऊं शकतो. त्यावर लस आहे.

शेवटीं पिसाळण्याविषयीं. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचें वर्णन आहे, आणि जलत्रास उत्पन्न झालेला रोगी वांचत नाहीं असा निर्वाळाहि आहे. पुढें १८८५ सालीं पाश्चरनें लस टोंचून एका मुलाला वांचविलें. तरीहि लक्षणें दिसूं लागल्यावर रोग बरा करणारें खात्रीचें औषध आजहि नाहीं. सारी भिस्त लक्षणांपूर्वींच्या लशीवर. पिलाला तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ही लस द्यावी, वर्षानें पुन्हां, आणि पुढें वैद्य सांगेल तशी. कोणतेंहि कुत्रें चावल्यास वा त्याचा दांत नुसता ओरखडला तरी जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. हळद, चुना, तिखट कांहीं भरूं नये. येथें वडील मंडळींना एक विनंति आहे. कुत्र्याशीं खेळल्याबद्दल मुलांना रागावूं नये. ज्या घरांत मुलाला माराचें भय असतें त्या घरांत तें ओरखडा लपवितें. आणि हा ओरखडा लपविणें किती महागांत पडतें, हें वर आलेंच आहे.

वहीचें पहिलें पान आजच आंखावें. वर कुत्र्याचें नांव व जन्मतिथि. खालीं लशींच्या तारखा, जंतांच्या औषधाच्या तारखा, पशुवैद्याचा दूरध्वनि. आणि सर्वांत खालीं घरांतील एका माणसाचें नांव. तें एकच असावें.