हिरव्या गच्चीचा खरा हिशेब

फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही गिरगावातील नावे एके काळच्या बागायतीची साक्ष देतात. त्या बागा गेल्या, चाळी आल्या. आता चाळींच्या जागी उत्तुंग इमारती उभ्या राहत आहेत. अशा वेळी शाळेच्या गच्चीवर व घराच्या गॅलरीत कुंड्या दिसल्या की समाधान वाटते. तथापि बाग हिरवी दिसते म्हणून ती पर्यावरणास उपकारक ठरतेच, असे नाही.

चार कुंड्यांतील रोपे हवेतील जो कार्बन शोषतात, तो अत्यल्प असतो. रोप कुजले की त्यातील बहुतांश पुन्हा हवेत मिसळतो. याउलट सिमेंटची नवी कुंडी, ट्रकने आणलेली माती, नैसर्गिक वायूपासून बनविलेला युरिया या प्रत्येकामागे इंधन जळलेले असते. युरियामुळे मातीतून नायट्रस ऑक्साइडही बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापदायक आहे.

मग बागेचा लाभ कोणता? आमच्या मते तो पानांत नसून स्वयंपाकघरातील कचऱ्याच्या डब्यात आहे. ओला कचरा कचराभूमीत हवेविना कुजतो, तेव्हा मिथेन वायू निर्माण होतो. देवनारला 1927 पासून असा कचरा साठत आला. जानेवारी 2016 मध्ये तेथे लागलेल्या आगीच्या धुरामुळे परिसरातील पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या, हे आपण विसरू नये. तोच कचरा सुक्या पानांसह, हवा खेळती ठेवून कुजविला, तर मिथेन फारच थोडा होतो आणि खत घरचे मिळते.

हे अशक्य नाही. तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास तेथीलच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. त्यामागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवारा'चा विचार होता.

गिरगावात फुटक्या बादल्या आहेत, तेलाचे डबे आहेत, रसवंतीतील उसाची चिपाडे आहेत. डब्याला भोके पाडावीत. चिपाडांचा व सुक्या पानांचा थर, त्यावर भाजीची देठे, पुन्हा पाने, असा क्रम ठेवावा. दुर्गंधी आली तर हवा कमी पडते आहे, असे समजून डबा हलवावा व सुकी पाने वाढवावीत. हे खत मातीपेक्षा हलके असते; तरीही जुन्या चाळीच्या लाकडी गॅलरीवर भार बेतानेच टाकावा. तांदूळ धुतलेले पाणी रोपांना चालते, आणि मेथी-कोथिंबिरीसाठी घरातील मेथीदाणे व धणे पुरतात.

महापालिकेने 2017 मध्ये मोठ्या संकुलांना ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातच लावण्यास सांगितले. लहान चाळी व शाळा त्यातून सुटल्या. परंतु 2022 च्या मुंबई वातावरण कृती आराखड्यात शहराने 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय स्वीकारले आहे. ते केवळ मोठ्यांच्या बळावर गाठता येणार नाही.

म्हणून शिक्षकांना आमची एक विनंती आहे. बागेत किती फुले उमलली हे जरूर मोजावे. पण शाळेच्या फाटकाबाहेर आज ओल्या कचऱ्याच्या किती बादल्या गेल्या, तो आकडा मुलांना रोज फळ्यावर लिहू द्यावा. तो उतरू लागला, की बाग खरोखर हिरवी झाली असे समजावे.