दरवाजा मोकळा, मोरीला बोळा

भूमध्य समुद्रात विषारी फुगा माशाने मांडलेला उच्छाद ही तेथील कोळ्यांची स्थानिक कागाळी समजून बाकीचे जग स्वस्थ बसले आहे. हे स्वास्थ्य आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

हा मासा मूळचा तांबड्या समुद्राचा व हिंदी महासागराचा. त्याच्या जातभाईंना कोकणात केंड म्हणतात. त्यांची करणी मालवणच्या मच्छीमारांस सांगावयास नको. भूमध्य समुद्रात तो प्रथम आढळला २००३ साली, तुर्कस्तानच्या गोकोवा आखातात. पुढील दहा-बारा वर्षांत त्याने स्पेनचा किनारा गाठला. चोचीसारख्या दातांनी तो जाळी फाडतो, गळाच्या दोऱ्या तोडतो आणि अडकलेली मासळी फस्त करतो. तो स्वतः हाती लागला तरी विकता येत नाही. कारण त्याच्या अंगातील विष शिजवूनही नाहीसे होत नाही व त्यावर उतारा नाही.

तो आला १८६९ साली खुल्या झालेल्या सुएझ कालव्यातून. पनामा कालव्यात मधे गोड्या पाण्याचे गाटुन सरोवर असल्याने सागरी जीवांस पुष्कळसा अटकाव होतो. सुएझला मनुष्याने तसा अडसर ठेवला नाही. निसर्गाचे मात्र दोन पहारे होते. वाटेतील कडवट सरोवरांच्या तळाशी मिठाचे थर असल्याने तेथील अतिखारट पाणी ओलांडणे जीवांस कठीण जाई, आणि पलीकडे नाईलच्या पुराचे गोडे पाणी आडवे येई. मीठ हळूहळू विरघळले. पुराचे पाणी आस्वानच्या धरणाने १९६० नंतरच्या दशकात अडविले. इतके झाल्यावर २०१५ साली कालव्याचा विस्तार करण्यात आला.

तुर्कस्तान सरकारने २०२० साली या माशाच्या शेपटीमागे इनाम देण्यास आरंभ केला. गरीब कोळ्यास चार पैसे मिळतात, याचा आम्हांस संतोषच आहे. तथापि वाट खुली ठेवून शेपट्या मोजीत बसणे म्हणजे दरवाजा मोकळा सोडून मोरीला बोळा घालणे होय.

समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यांतून उरणारे तीव्र खारट पाणी त्या सरोवरांत सोडून जुना अडसर पुन्हा उभारावा, असे काही शास्त्रज्ञांनी सुचविले आहे. आत शिरलेले मासे त्याने परत जाणार नाहीत, हे खरे. परंतु मागून येणाऱ्यांस तरी पायबंद बसेल. या योजनेची कसून परीक्षा व्हावी आणि तिचा खर्च कालव्यातून जाणाऱ्या जहाजांवरील करातून निघावा. कालव्याने इजिप्तच्या तिजोरीत भर घातली, युरोपचा व्यापार वाढविला. आमच्या मुंबईच्या भरभराटीसही हातभार लावला. ज्या कोळ्याचे गलबत त्या वाटेने कधी गेले नाही, त्याने मात्र फाटकी जाळी शिवीत बसावे, हा कोठला न्याय? लाभात जे वाटेकरी झाले, त्यांनी हानीचाही वाटा उचललाच पाहिजे.