जालन्याचे ऊन आणि इंजिनातले ऑइल

एप्रिल-मे महिन्यांत जालन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो: आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाका. मग गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलेले असले, तरी इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतले जाते. तापल्यावर ऑइल पातळ होते, हे खरे आहे. पण म्हणून उन्हाकडे पाहून ऑइल निवडणे चूक आहे आणि तिचा भुर्दंड मालकाला भरावा लागतो.

डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ आधी पाहू. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा कडाक्याच्या थंडीतली वाहण्याची क्षमता सांगतो. ५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे ३० अंशांवर होते. नंतरचा आकडा तापलेल्या ऑइलचा दाटपणा सांगतो. १०० अंशांवर ३० ग्रेडचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असतो, तर ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९. जालन्यात उणे ३० कुठून येणार, मग पहिल्या आकड्याशी आपला काय संबंध, असे कुणी विचारेल. त्यासाठी प्रयोगशाळेतले दुसरे मोजमाप पाहावे. दाटपणा ४० अंशांवरही मोजतात आणि ४० अंश म्हणजे आपली मे महिन्याची दुपार. त्या तापमानाला ५डब्ल्यू-३० ऑइल तापलेल्या इंजिनातल्यापेक्षा साधारण सहा पट दाट असते. २०डब्ल्यू-५० त्याहून कितीतरी दाट. म्हणजे भर उन्हात उभी असलेली गाडीसुद्धा ऑइलच्या हिशेबाने थंडच असते. किल्ली फिरवल्यावर कॅमशाफ्टपर्यंत ऑइल झटकन पोहोचले नाही, तर तेवढा वेळ धातूवर धातू घासतो.

इंजिन एकदा तापले की बाहेरच्या हवेचा प्रभाव आणखी कमी होतो. शीतकाचे तापमान थर्मोस्टॅट ९० अंशांच्या आसपास राखतो, मग बाहेर जानेवारी असो वा मे. ऑइल किती दाट हवे, ते ठरते बेअरिंगमधल्या फटी, ऑइल पंपाची ताकद आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी ऑइलच्या दाबावर चालणारी यंत्रणा यांवरून. पोलादाच्या या शहराला हे नवे नाही. रोलिंग मिलच्या गिअरबॉक्सचे तेलही भार आणि वेग पाहून निवडतात.

पातळ ऑइल फक्त इंधन बचतीच्या नियमांसाठी आणले, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. एकाच इंजिनाला वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे ग्रेड सुचवलेले आढळतात. समृद्धी महामार्गावर भरलेली गाडी तासन् तास १२०च्या वेगाने पळवली, तर ऑइल नेहमीपेक्षा जास्त तापते, हेही खरे. मात्र या दोन्हींचे उत्तर पुस्तिकेतच शोधायला हवे. अनेक पुस्तिकांत तापमानानुसार पर्यायी ग्रेडचा तक्ता असतो. त्यात ५डब्ल्यू-३० सोबत ५डब्ल्यू-४० दिले असेल, तर जालन्याच्या वाहनचालकाने खुशाल ४० घ्यावे. तक्त्याबाहेरचे ५० मात्र नको. जुने इंजिन ऑइल खाते म्हणून जाड ऑइल टाकणे हा तात्पुरता इलाज आहे. झिजलेल्या रिंगा त्याने भरून येत नाहीत. आणि २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत ग्रेड जुळूनही भागत नाही. ऑइल कमी राखेचे नसेल, तर धुराचा फिल्टर कालांतराने तुंबतो.

गॅरेजचालकांचा अनुभव मोलाचा आहे, पण तो बराचसा जुन्या, ढिल्या फटींच्या इंजिनांवर घडला आहे. बोनेटखालचे यंत्र आता बदलले आहे. उन्हाची आणि धुळीची खरी काळजी असेल, तर डिपस्टिकवर पातळी नियमित पाहावी, एअर फिल्टर स्वच्छ ठेवावा आणि ऑइल मुदतीआधी बदलावे. ऑइलचा डबा फोडण्यापूर्वी मालकाने पुस्तिकेतले ते एक पान मिस्त्रीसमोर उघडून धरावे. जालन्याच्या उन्हात इंजिनाची याहून स्वस्त राखण नाही.